उत्तरभागाची लांबलेली मुदत

नंदुरबार, शहादा, तळोदा अशा गावांतील ज्या मुलांनी वीस वर्षांपूर्वी संगणक-वर्गातील एखाद्या जुन्या यंत्रापुढे दाटीवाटीने बसून ‘जीटीए : व्हाइस सिटी’ हा खेळ खेळला, त्यांपैकी पुष्कळजण आता नोकरी-धंद्याला लागले, काहींची मुले शाळेत जाऊ लागली, परंतु त्या मालिकेचा पुढचा मोठा भाग केव्हा येणार, हा प्रश्न ती मंडळी अजून एकमेकांना विचारीत असतात. मालिकेतील तिसरा भाग ऑक्टोबर २००१ मध्ये, ‘व्हाइस सिटी’ त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबर २००२ मध्ये आणि ‘सॅन अँड्रियास’ ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अवघ्या तीन वर्षांच्या अवधीत तीन विस्तीर्ण खेळ लोकांच्या हाती पडले. चौथ्या भागाला एप्रिल २००८ उजाडला, पाचव्याला सप्टेंबर २०१३, आणि सहाव्याची नुसती पहिली चित्रफीत दिसावयास डिसेंबर २०२३ यावा लागला. त्या वेळी २०२५ हे साल सांगण्यात आले. पुढे २६ मे २०२६ ही तारीख जाहीर झाली. तीही तहकूब होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख मुक्रर करण्यात आली.

ही गत एकाच मालिकेची असती, तर एखाद्या कारखान्यातील अव्यवस्था म्हणून ती सोडून देता आली असती; पण तसे नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेचे तीन भाग २००२, २००६ आणि २०११ मध्ये आले, आणि त्यानंतरच्या सहाव्या भागाची घोषणा जून २०१८ मध्ये होऊनही तो कित्येक वर्षे नुसत्या नावानेच राहिला. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग २०१३ चा आणि दुसरा २०२० चा; वस्तुतः ज्या संस्थेने हे दोन भाग केले, तिनेच एकेकाळी ‘क्रॅश बँडिकूट’ या खेळाचे तीन भाग १९९६, १९९७ आणि १९९८ अशा लागोपाठ तीन वर्षांत काढले होते. गणनयंत्रांचा वेग वाढला, कारागिरांची संख्या वाढली, भांडवल तर कल्पनेपलीकडे वाढले. असे असता काम लवकर व्हावयाचे सोडून त्याला दुप्पट-तिप्पट काळ का लागावा, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात गैर काही नाही. निर्माते आळशी झाले किंवा लोभी झाले, अशी दोन उत्तरे या प्रश्नाला सर्रास दिली जातात. लोभाचा अंश व्यवहारात कोठे नसतो? तथापि या विलंबाचे मूळ माझ्या मते निराळ्याच ठिकाणी आहे. खेळातील वस्तू घडवण्यास जितका वेळ लागतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ त्या वस्तूंचा परस्परांशी मेळ घालण्यास लागतो. आणि हे मेळ घालण्याचे काम वस्तूंच्या संख्येने नव्हे, तर त्यांच्यातील संबंधांच्या संख्येने वाढत जाते. दहा वस्तूंच्या जोड्या ४५ होतात, शंभर वस्तूंच्या ४,९५०. वस्तू दहापट झाल्या, जोड्या एकशे दहापट झाल्या. सगळ्या विलंबाचा हिशेब या एका गणितात दडलेला आहे.

जुन्या काळचे काम कसे चालत असे, हे एका उदाहरणावरून नीट ध्यानात येईल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ मध्ये जॉर्डन मेकनर या तरुण अमेरिकन गृहस्थाने ‘अ‍ॅपल टू’ या यंत्रासाठी जवळजवळ एकट्याने रचला. राजपुत्राची चाल खऱ्या माणसासारखी दिसावी म्हणून त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावावयास, उडी मारावयास आणि कठड्याला लोंबकळावयास लावून त्याचे चित्रण केले, आणि त्या चित्रफितीतील एकेक चित्र उतरवून काढून ती हालचाल पडद्यावर आणली. संगीत वडिलांनी दिले. यंत्राची स्मृती इतकी तोकडी, की आज सकाळी सकाळी आप्तेष्टांकडून मोबाइलवर येणारे एखादे ‘सुप्रभात’चे चित्रसुद्धा तिच्यात मावले नसते. राजपुत्राच्या हालचालींनीच ती जागा व्यापून टाकल्यावर प्रतिपक्षाचे दुसरे पात्र घालण्यास तिळमात्र जागा उरली नाही. तेव्हा मेकनरने एक विलक्षण तोड काढली: राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून त्याच चित्रावर असे टाकले की मूळ आकृती पुसली जाऊन केवळ एक झगमगणारी छाया उरावी. आरशातून झेप घेताना राजपुत्राच्या देहातून ही छाया बाहेर पडते, आणि पुढे जागोजागी त्याच्या वाटेत आडवी येते. खेळातील सर्वांत अविस्मरणीय पात्र अशा रीतीने यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मास आले. या एकट्या माणसाच्या कामालाही सुमारे चार वर्षे लागली होती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मात्र ती वर्षे एका माणसाची होती. त्या खेळात कोणती वस्तू कोणत्या वस्तूला केव्हा भिडेल, हे सारे त्या एका डोक्यात मावत होते.

पुढे या मालिकेचे नवे भाग काढण्याचे हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडे गेले, आणि तिच्या माँट्रियल येथील शाखेने २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ काढला. त्याच्या कथेचा आरंभ एका हिंदुस्थानी महाराजाच्या राजवाड्यात होतो, हे आपल्या वाचकांस सांगण्यासारखे आहे. त्याचा उत्तरभाग २००४ मध्ये आणि तिसरा भाग २००५ मध्ये आला. राजपुत्राची भिंतीवरून धावण्याची रीत, तलवारीचे हात, काळ मागे फिरवण्याची युक्ती हे सर्व पहिल्या भागात बसवून झालेले होते. त्यामुळे पुढच्या भागांत नवे महाल, नवे शत्रू आणि नवी कथा एवढीच भर घालावयाची होती, आणि पहिल्या भागाची कमाई दुसऱ्याच्या पदरात जशीच्या तशी पडत होती. मग ही परंपरा कोठे तुटली?

ती तुटली तपशिलाच्या हव्यासापाशी, आणि तो हव्यास एकट्या निर्मात्यांचा नव्हता. आम्हा पाहणाऱ्यांचाही होता. याचे उदाहरण म्हणून घोडा घेतो, कारण घोड्याची पारख असलेली माणसे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सारंगखेडा येथे तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास जो घोडेबाजार भरतो, त्यात घोडा पाहावयास आलेले जाणते गिऱ्हाईक नुसत्या रंगावर भाळत नाही. ते ओठ वर करून दात पाहते, एकेक पाय उचलून खूर पाहते, अंगावरील भोवरे कोठे आहेत ते बोट फिरवून तपासते, आणि हे सर्व मनास आले तरच मालकाला जनावर चालवून दाखवावयास सांगते. रेवाल चालीचा घोडा असेल, तर त्याच्या पाठीवरील स्वार हिंदकळता कामा नये. वळताना पुढचा पाय आखडता कामा नये. ताशांच्या आवाजाने ते बुजते की कान टवकारून उभे राहते, हेही पाहिले जाते. जनावराचे मोल ठरते ते त्याच्या अवयवांवरून तर खरेच, पण त्याहून अधिक हे अवयव एकत्र कसे वागतात यावरून.

‘स्कायरिम’ या २०११ च्या खेळात घोडा होता. तो जवळजवळ उभ्या कड्यावरही सुखाने चढून जात असे, आणि लोकांनी ते हसून मान्य केले होते. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘रेड डेड रिडेम्प्शन’चा दुसरा भाग आला. पहिला भाग मे २०१० चा. म्हणजे मधला अवकाश आठ वर्षांहून अधिक. या खेळातील घोडा चिखलातून गेला की त्याच्या अंगाला चिखल लागतो, नदीत उतरला की धुऊन निघतो. त्याला खरारा करावा लागतो, चारावे लागते. मळलेल्या, उपाशी घोड्याचा दम लवकर तुटतो. साप दिसला तर तो उधळतो, वाघराची चाहूल लागली तर पुढे जावयास नकार देतो. स्वार ममतेने वागला तर हळूहळू त्याचा विश्वास बसतो, आणि एकदा मेला की तो परत येत नाही.

आता हा घोडा कारागिराच्या बाजूने पाहू. प्रथम हजारो लहान लहान त्रिकोणी पृष्ठांचा त्याचा आकार बनतो. त्या आकाराच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात. सांगाडा हलला की कातडी कोठे ताणावी, कोठे सुरकुतावी हे ठरवतात. वरून लव, आयाळ, शेपूट. इथपर्यंतचे काम निष्णात माणूस मोजक्या आठवड्यांत करील. खरी परीक्षा पुढे आहे. चाल, दुडकी आणि भरधाव दौड या गती तयार केल्या, तरी एका गतीतून दुसरीत जातानाचे मधले पाऊल निराळे घडवावे लागते, उतारावरचे निराळे, चढावरचे निराळे, बर्फातले आणि पाण्यातले निराळे. प्रत्येक खूर दगडावर नेमका टेकावा, जमिनीत रुतू नये आणि अधांतरीही राहू नये, याचे गणित क्षणोक्षणी यंत्राने करावयाचे असते. मग स्वार येतो. तो डाव्या बाजूने चढतो, उजव्या बाजूने चढतो, भिजलेला असताना चढतो, जखमी असताना चढतो. हाती बंदूक घेऊन मागे वळतो. शिकार केलेले हरीण घोड्याच्या पाठीवर टाकतो. ते हरीण पाठीवर असताना घोडा बुजला तर? त्याच वेळी तो पुलावर असला तर? पुलावरून समोरून गाडी येत असली तर? यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणीतरी बसून लिहिलेले असते, आणि ते लिहिताना आधीच्या दहा उत्तरांना धक्का लागला नाही ना, हे पुन्हा तपासलेले असते.

या खेळाचे एक प्रमुख लेखक डॅन हाउझर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये दिलेल्या मुलाखतीतील आकडे या संदर्भात वाचण्यासारखे आहेत: ३ लाख हालचाली, संवादांच्या ५ लाख ओळी, मुख्य कथेची संहिताच सुमारे २,००० पानांची, १,२०० नट व त्यांपैकी ७०० बोलणारे, आणि नटांच्या अंगावर खुणेचे ठिपके लावून त्यांची हालचाल यंत्रात टिपून घेण्याचे काम २,२०० दिवसांचे. अंतिम खेळाने संगणकावर १५० जीबी जागा मागितली. दिवसाला २ जीबी देणाऱ्या मोबाइलच्या योजनेवर अवलंबून असलेल्या धडगावच्या मुलाने तो उतरवून घ्यावयाचा म्हटला, तर दुसरे काहीही न पाहता त्याचे ७५ दिवस जातील.

घोड्याच्या जोडीला प्रकाश आणि गर्दी. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते तेव्हा तिचा उजेड कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेल्या, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेल्या शेकडो नर्तकांवर हलत राहतो, प्रत्येकाची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि प्रत्येक पीस आपापल्या परीने डोलते. पूर्वी असा देखावा खेळात आणावयाचा, तर उजेड भिंतींवर आणि चेहऱ्यांवर आधीच रंगवून ठेवीत व मागची गर्दी सपाट चित्रांची करीत. आज प्रकाशकिरण कोठून निघून कोठे आदळला, याचा हिशेब यंत्र त्या क्षणी करू शकते. आणि तसे करता येते म्हणून तसे केलेच पाहिजे, अशी अपेक्षा उत्पन्न होते.

मेळाचे काम वाढले की माणसे वाढतात, आणि माणसे वाढली की खुद्द माणसांचा मेळ घालण्याचे नवे काम उपस्थित होते. जून २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात सोनी कंपनीचे काही दस्तऐवज नीट न झाकता सादर झाले आणि त्यांतील आकडे जगाला वाचता आले. ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, म्हणजे दस्तऐवज उघड झाले त्या वेळच्या दराने सुमारे १,८०० कोटी रुपये, आणि काम ऐन भरात असताना २०० च्या आसपास माणसे, ‘होरायझन : फॉरबिडन वेस्ट’ला पाच वर्षे, ३०० माणसे आणि २१ कोटी २० लाख डॉलर. या खर्चाचा मोठा वाटा पगाराचा असल्यामुळे प्रत्येक महिन्याची दिरंगाई कोट्यवधींनी मोजावी लागते. असे असूनही निर्माते दिरंगाई पत्करतात, कारण घाईचे मोल त्याहून जबर पडते. मे २०१२ मध्ये जाहीर झालेला ‘सायबरपंक २०७७’ वारंवार लांबणीवर पडून अखेर १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. जुन्या यंत्रांवर त्याची अवस्था इतकी केविलवाणी होती, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकून ग्राहकांना पैसे परत करावयास घेतले. त्याच्या निर्मात्यांनी पुढे खेळ दुरुस्त केला. पण ती जगजाहीर नाचक्की या धंद्यातील कोणीही विसरलेले नाही.

जुना खेळ मरत नाही, हेही एक कारण आहे. ‘जीटीए’च्या पाचव्या भागाबरोबर ऑक्टोबर २०१३ मध्ये जी सामुदायिक आवृत्ती सुरू झाली, तिच्यात लोक वर्षानुवर्षे खेळत व पैसे खर्च करीत राहिले, मूळ खेळाच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्या दुभत्या जनावराने कास भरून दूध द्यावयाचे थांबवलेले नाही, त्याच्या जागी दुसरे आणण्याची घाई कोणता गोपाळ करील? लोभाचा जो अंश मी वर मान्य केला, तो येथे आहे. परंतु तो विलंब सुसह्य करतो, उत्पन्न करीत नाही.

याच संदर्भात कामगारांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. जुन्या काळचे उत्तरभाग वर्षा-दोन वर्षांत येत, त्यामागे कारागिरांच्या रात्रीच्या रात्री जळत होत्या. जानेवारी २०१० मध्ये, ‘रेड डेड रिडेम्प्शन’चा पहिला भाग पुरा होत आला असता, तो खेळ करणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या सॅन डिएगो शाखेतील कर्मचाऱ्यांच्या पत्नींनी एक खुले पत्र प्रसिद्ध करून आपल्या नवऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस बारा-बारा तास राबवले जात असल्याची तक्रार जगापुढे मांडली. दुसऱ्या भागाच्या वेळीही हाच वाद पुन्हा पेटला. तेव्हापासून या धंद्यात अतिश्रमाविरुद्ध जो आवाज उठत गेला, त्यामुळे काही ठिकाणी तरी कामाचे तास माणसाच्या आवाक्यात आले. त्यापायी खेळ सहा महिने उशिरा आला, तर ते सहा महिने मी आनंदाने सोसीन.

आता आपल्या मुलखातील प्रकरणाकडे वळतो. युबिसॉफ्टची पुणे येथील शाखा २००८ पासून आणि मुंबईची २०१८ पासून. परदेशांतील शाखांच्या खेळांना हातभार लावणे, तयार होत असलेल्या खेळांतील दोष शोधणे, एका यंत्रावरील खेळ दुसऱ्या यंत्रावर बसवणे, अशी कामे पुण्यातील मंडळी बरीच वर्षे करीत आली. दोष शोधण्याचे काम बाहेरून मौजेचे वाटते; प्रत्यक्षात त्यात एकाच भिंतीला शंभर ठिकाणी, शंभर कोनांतून धडका देऊन पात्र कोठे अडकते ते पाहावयाचे, सापडलेल्या दोषाची बारीक नोंद करावयाची, आणि तो दुरुस्त होऊन आला की त्या दुरुस्तीने दुसरे काय बिघडवले हे पाहण्यासाठी पुन्हा आरंभापासून धडका द्यावयाच्या असतात. अशा पूर्वानुभवावर १० सप्टेंबर २०२० रोजी जाहीर झाले, की ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी घडण पुणे आणि मुंबई येथे होत आहे. महाराष्ट्रातील कारागिरांच्या हाती जगप्रसिद्ध खेळाचे सूत्र प्रथमच सोपवले गेले होते, आणि त्यासाठी २१ जानेवारी २०२१ ही तारीख दिलेली होती.

चित्रफीत पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली. चेहरे निर्जीव आहेत, रूप जुनाट आहे, असा बोभाटा झाला. तारीख आधी १८ मार्च २०२१ वर गेली, फेब्रुवारीत बेमुदत तहकूब झाली, मे २०२२ मध्ये सारे काम माँट्रियलच्या मूळ शाखेकडे वर्ग करण्यात आले. जून २०२४ मध्ये २०२६ साल सांगण्यात आले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने आपला संपूर्ण कारभार नव्याने मांडताना जे सहा खेळ रद्द केले, त्यांत हाही होता.

या हकिकतीचा अर्थ पुण्या-मुंबईच्या माणसांना काम जमले नाही असा लावण्याची घाई पुष्कळांनी केली. ती मला अन्यायाची वाटते. कथा तयार, महालांचे नकाशे तयार, कोडी तयार, असा हा खेळ होता; उत्तरभागापेक्षाही सोपे वाटावे असे काम. तरी तो मूळ खेळ घडवणाऱ्या शाखेच्या हातूनही साडेतीन वर्षांत पुरा झाला नाही. २००३ च्या खेळातील राजपुत्राचा चेहरा साधा होता, भिंती साध्या होत्या, उजेडही साधा होता, आणि तिन्हींचे एकमेकांशी जमत होते. त्यांपैकी भिंत आजच्या नजरेला पटेल अशी केली की चेहरा उघडा पडतो; चेहरा सुधारला की जुनी हालचाल आखडल्यासारखी दिसते; हालचाल बदलली की त्या हालचालीच्या मापाने बेतलेली उडीची अंतरे चुकू लागतात. अशा कामास चार महिन्यांवरची तारीख ज्यांनी प्रसिद्ध केली, त्यांनी त्या कारागिरांवर मोठाच भार टाकला, असे मला वाटते.

हीच गोष्ट जपानमध्ये वैभवाच्या अंगाने दिसली. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ मालिकेतील ‘ऑकारिना ऑफ टाइम’ नोव्हेंबर १९९८ मध्ये आला, आणि त्याचीच पात्रे, त्याचीच साधने पुन्हा वापरून केलेला ‘मजोराज मास्क’ एप्रिल २००० मध्ये, म्हणजे सतरा महिन्यांत. तीच युक्ती मार्च २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नंतर योजली गेली: प्रदेश तोच ठेवला, वर आकाशातील बेटे आणि खाली पाताळ यांची जोड दिली. तरी उत्तरभागाला मे २०२३ उजाडला. याचे कारण असे, की या उत्तरभागात खेळणाऱ्याला जगातील वाटेल ती वस्तू वाटेल त्या वस्तूला चिकटवून गाडी, तराफा, विमान काहीही बनवण्याची मुभा दिलेली आहे. ओंडका चाकाला, चाक दरवाजाला, दरवाजा पंख्याला; मी वर सांगितलेल्या जोड्यांचे गणित येथे खेळाचेच तत्त्व होऊन बसले. शेवटचे जवळजवळ वर्षभर मुख्यतः हे सारे सुरळीत बसवण्यात गेले, असे निर्मात्यांनी पुढे सांगितले. माणसे थोडी असली म्हणून हा भार चुकतो असेही नाही: ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या तीन-चार जणांच्या चमूने ‘हॉलो नाइट’चा उत्तरभाग फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी दिला, कारण काम करता करता नवी कल्पना सुचे, आवडे, आणि खेळात शिरे.

मग लवकर देणारे कोणीच नाही काय? आहे. सेगा कंपनीची ‘याकुझा’ मालिका, जिला आता ‘लाइक अ ड्रॅगन’ म्हणतात, ती २००५ पासून टोकियोतील एका वस्तीच्या धर्तीवर रचलेल्या कामुरोचो या मोहल्ल्यात पुन्हा पुन्हा खेळणाऱ्यांना नेत आली आहे. गल्ल्या त्याच, दुकाने तीच. कोपऱ्यावरचे एखादे उपाहारगृह बंद होऊन तेथे दुसरे उघडते, पात्रांचे केस पिकतात, आणि परिचित जागेविषयी जी माया माणसाला वाटते ती खेळातही वाटू लागते. जानेवारी २०२४ च्या भागासाठी त्यांनी होनोलुलू शहर उभारले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच शहराचा उपयोग करून दुसरी, चाचांची कथा सांगितली. समीक्षक कधी कधी याला जुनेच पुन्हा विकणे म्हणतात. मला हा मार्ग अत्यंत सुज्ञ वाटतो.

पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, राजस्थानी किल्ले, पहाडी शैलीत हाताने रंगवलेल्या भिंती आणि बाहुल्यांच्या छायाखेळातून सांगितलेली कथा, हे सारे आपल्याकडचे साहित्य पाहून अनेकांना हर्ष झाला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतरही ती मंडळी खचली नव्हती. त्याच्या ‘राजी : कलियुग’ या उत्तरभागाची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये, पाच वर्षांनी झाली, आणि एवढ्याशा संस्थेच्या मानाने ती मुदत मला मुळीच लांब वाटत नाही. अशा संस्थांनी दर वेळी नवे जग घडवण्याच्या भरीस न पडता एकच मुलूख मन लावून उभारावा आणि त्यात अनेक कथा सांगाव्यात, असे मला मनापासून वाटते. सातपुडा त्यासाठी सिद्ध आहे: तोरणमाळचा यशवंत तलाव, सीताखाईची दरी, तापीचे रुंद पात्र, महू आणि सागाची राने, भिल्ल आणि पावरा वस्त्या, वर्षाच्या ठरलेल्या तिथीला भरणारे बाजार. पहिल्या खेळाला सहा वर्षे लागतील तर लागोत; दुसऱ्याच्या वेळी डोंगर उभे असतील, वाटा मळलेल्या असतील, आणि कारागिरांना सगळा वेळ माणसांवर खर्च करता येईल.